कृषिविद्येचें विद्यापीठीय अध्ययन व आपले जुने कागद

(१) लेखाचें निमित्त

या त्रैमासिकाच्या पानांत सनदा, महजर, करीने, वंशावळी व शिलालेख यांजवर लेख येत असतात. त्यांच्या पंक्तीस कृषिविद्येच्या अध्ययनावरील लेख पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. दोन वर्षांपूर्वीं आम्हांसही तें वाटलें असतें. म्हणून हा विषय आम्ही कां हातीं घेतला, तें प्रथम सांगतों.

पुणें प्रांतांतील एका जुन्या वाड्याच्या माळ्यावरून निघालेला मोडी कागदांचा एक रुमाल आमच्याकडे वाचण्यास आला. त्यांतील सनदा व निवाडपत्रें एका संग्राहक गृहस्थांनीं आधींच निवडून नेलीं होतीं. मागें राहिले होते ते घरगुती हिशेबाचे बंद. अक्षर अव्वल इंग्रजी अमदानींतील दिसलें. एका बंदावर एकाच शेताखालीं बाजरी, मटकी, अंबाडी व कारळे यांचें बीं टाकल्याची नोंद असून तिच्याखालीं 'मोघण तूर' अशीं दोन पदें व पुढें माप होतें. आम्ही टांचण केलें तें असें: 'लेखकानें तीन-चार शेतांचे हिशेब एकत्र केलेले दिसतात. मोघण हें शेजारच्या थळाचें नांव असावें.' जुन्या कागदांत थळांस नांवें असतातच. तेव्हां हा तर्क आम्हांस निर्वेध वाटला, व तें टांचण छापावयास धाडण्याच्या बेतांत आम्ही होतों.

त्याच सुमारास आमची एक जुनी विद्यार्थिनी भेटीस आली. ती शेतकऱ्याची मुलगी; कृषि विद्यापीठाची पदवी घेऊन पुढील अध्ययन करीत होती. तिनें टांचण वाचलें व जरा संकोचून म्हणाली, "गुरुजी, मोघण हें शेताचें नांव नव्हे. पाभरीच्या मागें बांधतात ती नळी. आमच्या आजोबांची अजून गोठ्यांत पडलेली आहे." मग तिनें त्या बंदाचा अर्थ लावून दाखविला. बाजरीच्या दर कांहीं तासांनंतर एक तास तुरीचें घ्यावयाचें असतें. त्यासाठीं पाभरीमागें मोघण बांधून तिच्यांतून तुरीचे दाणे वेगळे सोडतात. बाजरी तीन महिन्यांत निघून जाते; तूर मागें राहून पौष-माघापर्यंत उभी असते. तुरीचें मूळ खोल जाऊन खालची ओल घेतें, आणि मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेंतील नत्र झाडास मिळवून देतात. मटकी जमीन झांकते, अंबाडी दोरास उपयोगी पडते, कारळे तेलास. म्हणजे ती नोंद तीन-चार शेतांची नव्हती, एकाच शेताची होती. आणि लेखकानें कांहींएक घोटाळा केलेला नव्हता. घोटाळा वाचणाराचा होता.

येथें आणखी एक गोष्ट लिहिणें आम्हांस भाग आहे. हीच मुलगी शाळेंतून उत्तम गुणांनीं बाहेर पडली तेव्हां कृषीच्या शाखेस जाण्याचा विचार तिनें आमच्याजवळ बोलून दाखविला होता. "इतके गुण मिळवून शेवटीं शेतीच शिकावयाची?" असें आम्ही तिला विचारलें होतें. 'उत्तम शेती' ही म्हण वर्गांत फळ्यावर लिहून देणारा मास्तर घरीं आलेल्या विद्यार्थ्यास हा प्रश्न विचारतो, यांत कांहीं विसंगति आहे, हें आम्हांस त्या दिवशीं सुचलें नाहीं. सुदैवानें तिनें आमचें ऐकलें नाहीं.

त्या भेटीनंतर आम्ही कृषिविद्येचा अभ्यासक्रम, त्याचा इतिहास व त्याचा आपल्या कागदांशीं असलेला संबंध यांची शक्य तितकी माहिती मिळविली. तीच प्रस्तुत लेखांत देत आहों. शेवटीं संग्राहकांस एक विनंती आहे. तिच्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

(२) शास्त्र होतें, शाळा नव्हती

कृषीस विद्येचा मान आपल्याकडे पुरातन आहे. कौटिल्यानें आन्वीक्षिकी, त्रयी, वार्ता व दण्डनीति अशा चार विद्या मानिल्या, आणि कृषि, पाशुपाल्य व वाणिज्य मिळून वार्ता होते असें सांगितलें. त्याच्या ग्रंथांत सीताध्यक्षाचें स्वतंत्र प्रकरण आहे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदास अध्याय दिला. 'कृषिपराशर' हा तर सर्वस्वी शेतीवरचा ग्रंथ. पर्जन्याचे अंदाज, बैलांची निगा, नांगराचीं अंगें, बीजसंग्रह हे त्याचे विषय. त्याची संशोधित आवृत्ति कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीनें १९६० मध्यें काढिली. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेदा'ची हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत राहिली व तेथूनच ती पुढें प्रकाशांत आली.

याप्रमाणें शास्त्र होतें. परंतु पाठशाळेंत तें शिकविण्याची वहिवाट नव्हती. व्याकरण, न्याय, वेदान्त, ज्योतिष, वैद्यक यांस गुरु व शिष्य दोन्ही मिळत. कृषिपराशर पुढें मांडून बांधावर शिकविणारा गुरु मिळत नसे. ज्याच्या हातीं पोथी होती त्याच्या हातीं रुमणें नव्हतें, आणि ज्याच्या हातीं रुमणें होतें त्याला पोथी वाचतां येत नव्हती. शेतीचें खरें ज्ञान कुणब्याच्या घरांत बापाकडून मुलाकडे जात असे, आणि त्याचा जो अल्पसा अंश कागदावर उतरला तो पोथीपेक्षां अधिक हिशेबांत उतरला. हें ध्यानांत घेतलें म्हणजे 'नुसते हिशेबाचे बंद' असें म्हणून आपण काय बाजूस सारतों, त्याची कल्पना येईल.

(३) पुण्यांतील आरंभ

आपल्या प्रांतांत कृषीचें अध्ययन उच्च शिक्षणांत आलें तें दुष्काळाच्या पाठोपाठ. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें दख्खन होरपळून निघाला. त्यानंतर बसलेल्या दुष्काळ आयोगानें १८८० च्या अहवालांत प्रांतोप्रांतीं कृषिखातीं असावींत असें सुचविलें. पुण्याच्या सायन्स कॉलेजांत, म्हणजे आधींच्या एंजिनियरिंग कॉलेजांत, १८७९ मध्येंच कृषीचे वर्ग उघडले होते. एंजिनियर होणारा विद्यार्थी व शेती शिकणारा विद्यार्थी एकाच छपराखालीं बसत. पुढें मुंबई विद्यापीठानें या विषयास आपल्या परीक्षांत स्थान दिलें, आणि १९०७-०८ च्या सुमारास या वर्गांचें स्वतंत्र कृषि महाविद्यालय झालें. मध्यप्रांतांत नागपूरचें कृषि महाविद्यालय १९०६ मधलें.

या आरंभीच्या काळांत एक मोठा प्रश्न होता: शिकवावयाचें काय? विलायतेची शेती येथें आणून रोवावयाची, कीं येथली शेती समजून घ्यावयाची? इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनज्ञ डॉ. व्होल्कर १८८९ मध्यें हिंदुस्थानांत आले व देशभर हिंडले. १८९३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष पुष्कळांस अनपेक्षित होता. येथील रयत अडाणी पद्धतीनें शेती करते ही समजूत त्यांनीं खोडून काढिली. सामान्य इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा, कांहीं बाबतींत त्याहून सरस असा हा शेतकरी आहे, आणि जेथें तो मागें पडतो तेथें साधनांची उणीव हें बहुधा कारण असतें, असा त्यांचा अभिप्राय पडला. शिकविण्यापूर्वीं पाहावें, ही दृष्टि त्यांतून आली. पुण्याच्या महाविद्यालयांत तिला जें फळ आलें, तें आपल्या मंडळींच्या विशेष कौतुकाचें आहे.

(४) पिंपळे सौदागरचे कागद

स्वतंत्र झालेल्या पुण्याच्या महाविद्यालयाचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन हे मूळचे रसायनज्ञ. महाविद्यालयांतील सहकाऱ्यांच्या साहाय्यानें त्यांनीं पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गांवाची शेतवार व घरवार पाहणी केली. जमिनीचा पोत, विहिरींचें पाणी, पिकें, जनावरें, कर्ज, मजुरी, सर्व कांहीं मोजलें. ही पाहणी १९१७ मध्यें मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रीय मालेंत छापली गेली. जातेगांव बुद्रुक या दुसऱ्या गांवाची पाहणी कानिटकर यांच्यासह १९२१ मध्यें आली. हिंदुस्थानांतील ग्रामपाहणीच्या आद्य ग्रंथांत यांची गणना होते.

मॅनसाहेबांना एक प्रश्न पडला: आज शेतांचे तुकडे इतके लहान आहेत, ते पूर्वीपासून कीं अलीकडे झाले? याचें उत्तर मातीची परीक्षा करून मिळणारें नव्हतें. तें जुन्या कागदांतून काढावें लागलें. त्यांच्या हिशेबाप्रमाणें गांवांतील सरासरी धारण १७७१ मध्यें सुमारें ४० एकर होती. १८१८ मध्यें ती साडेसतरा एकरांवर आली, १८२० ते १८४० च्या दरम्यान १४ एकर झाली, आणि १९१४-१५ मध्यें अवघी ७ एकर उरली. वारसांच्या वांटण्या होतां होतां दीडशें वर्षांच्या आंत शेत पांचव्या हिश्श्याहूनही कमी झालें.

हे चार आंकडे पुढें शेतीच्या अर्थशास्त्रावरील कितीतरी ग्रंथांत उतरले व तुकडेबंदीच्या चर्चेंत पुनःपुन्हां पुढें आले. वाचकांनीं एवढेंच पाहावें कीं त्या चोहोंतील पहिला आंकडा पेशवाईंतला आहे. कोण्या कुळकर्ण्यानें लिहिलेला व पुढें कोणी तरी न फेंकलेला कागद नसता, तर ही सांखळी १८१८ च्या मागें गेलीच नसती. उलटपक्षीं, तो कागद नुसत्या संग्राहकाच्या पेटींत राहिला असता, तर त्यांतून गांवाची ही कहाणी निघाली नसती. चावर व बिघे एकरांशीं ताडून पाहावयास शेत मोजणारा मनुष्य लागतो. आणि वीस पांडांचा बिघा व एकशेंवीस बिघ्यांचा चावर हें जाणणारा मनुष्य कागदाशेजारीं बसावा लागतो. दोघे एकत्र आले म्हणून काम झालें.

आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महानगराच्या पोटांत आहे. ज्या शेतांची माती मॅनसाहेबांनीं तपासली तेथें उंच इमारती उभ्या आहेत. तीं शेतें आतां या पुस्तकांत व त्या जुन्या कागदांतच उरलीं आहेत.

(५) कृषि विद्यापीठें

स्वातंत्र्यापूर्वीं कृषि महाविद्यालयें सामान्य विद्यापीठांस जोडलेलीं असत. संशोधन व प्रसार हीं कामें सरकारी कृषिखात्याकडे राहत. त्यामुळें शिकविणारा, शोधणारा व शेतकऱ्यास सांगणारा हे तिघे तीन ठिकाणीं पडत. अमेरिकेंत ही अडचण वेगळ्या रीतीनें सोडविली होती. १८६२ च्या कायद्यान्वयें तेथील संस्थानांस सरकारी जमिनी देऊन त्यांच्या उत्पन्नांतून कृषि व यांत्रिक विद्येचीं महाविद्यालयें काढविलीं. १८८७ च्या कायद्यानें त्यांस प्रयोगक्षेत्रें जोडलीं. १९१४ च्या कायद्यानें प्रसाराचें काम त्यांजकडे दिलें. शिक्षण, संशोधन व विस्तार हीं तिन्ही एकाच संस्थेचीं कर्तव्यें झालीं, आणि सार्वजनिक पैशांतून निघालेलें ज्ञान सार्वजनिक ठरलें.

या अमेरिकन महाविद्यालयांचा लाभ घेणाऱ्यांत वर्ध्याकडील एक महाराष्ट्रीय होता, हें येथें नमूद केलें पाहिजे. क्रांतिकारक म्हणून आपणांस ठाऊक असलेले डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांनीं वॉशिंग्टन संस्थानाच्या सरकारी महाविद्यालयांत कृषीचें उच्च शिक्षण घेतलें, व पुढें मेक्सिकोंत चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिशाळेंत अध्यापक होऊन मक्यावर संशोधन केलें. परदेशीं अन्नदान करणारा हा महाराष्ट्रीय आमच्या इतिहासलेखनांत बहुधा गदर पक्षाच्या प्रकरणांतच येतो. त्याचें आयुष्यभराचें कार्य असलेली कृषिविद्या तळटीपेंत राहते.

अमेरिकेचा हा नमुना हिंदुस्थानांत प्रथम पंतनगर येथें १९६० मध्यें उतरला. महाराष्ट्रांत १९६८ मध्यें कृषि विद्यापीठ स्थापन झालें. त्याचें केंद्र राहुरीस असून त्यास महात्मा फुले यांचें नांव आहे. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या पुरुषाचें नांव त्यास शोभून दिसतें. १९६९ मध्यें विदर्भासाठीं अकोल्याचें, व १९७२ मध्यें मराठवाड्यासाठीं परभणीचें आणि कोंकणासाठीं दापोलीचें विद्यापीठ झालें. अकोल्याच्या विद्यापीठास डॉ. पंजाबराव देशमुख यांचें नांव दिलें आहे. ते १९५२ ते १९६२ पर्यंत केंद्राचे कृषिमंत्री होते, हें सर्वांस माहीत असतें. परंतु वैदिक वाङ्मयांतील धर्माचा उगम व विकास यांवर त्यांनीं इंग्रजींत ग्रंथ लिहिला व तो १९३३ मध्यें प्रसिद्ध झाला, हें थोड्यांस ठाऊक असतें. वेद व शेत यांत अंतर मानण्याचें कारण नाहीं, हें त्यांच्या चरित्रावरून दिसून येईल.

(६) विद्यार्थी काय शिकतो

पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. सस्यविज्ञान, मृद्शास्त्र, उद्यानविद्या, कीटकशास्त्र, वनस्पतिरोगशास्त्र, आनुवंशशास्त्र, पशुसंवर्धन, कृषि अभियांत्रिकी, अर्थशास्त्र व विस्तारशिक्षण हे त्याचे मुख्य विभाग. विद्यार्थी तण व पिकें दाबून वाळवून त्यांचा वनस्पतिसंग्रह करितो व कीटकांची पेटी भरतो. प्रत्येक नमुन्यावर स्थळ, तिथि व नांव लिहिल्याखेरीज तो मान्य होत नाहीं. हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं ही शिस्त अवश्य पाहावी. आम्ही कित्येक पोथ्यांच्या पेट्या पाहिल्या आहेत, ज्यांत पोथी कोठून आली याचा एक शब्दही नाहीं.

शेवटच्या वर्षांत विद्यार्थी कांहीं आठवडे खेड्यांत शेतकऱ्यांबरोबर काम करितात. यांस गांवकरी 'कृषिदूत' व 'कृषिकन्या' म्हणतात. माती तपासण्यास घेणें, बीजप्रक्रिया करून दाखविणें, पिकावरील रोग ओळखणें हीं त्यांचीं कामें. परंतु पुष्कळदां म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून चार गोष्टी शिकून तेच परत येतात.

आतां या विद्येचा आपल्या कागदांशीं संबंध काय, तो दोन उदाहरणांनीं दाखवितों.

पहिलें जमिनीचें. जुन्या कागदांत काळी, तांबडी, बरड, मळईची याप्रमाणें 'चोपण' जमीनही येते. आम्ही तो नुसता वाईट जमिनीचा एक प्रकार समजत होतों. मृद्शास्त्राचा विद्यार्थी सांगतो कीं चोपण जमिनींत सोडियमचें प्रमाण वाढलेलें असतें. मातीचे कण विस्कटतात, पाणी मुरत नाहीं, वर साचतें, व वाळल्यावर जमीन दगडासारखी होते. नदीकांठच्या काळ्या जमिनीस निचऱ्याशिवाय पाणी देत राहिल्यास ती चोपण होऊं शकते. तेव्हां एखाद्या शेतास जुन्या पत्रकांत 'काळी' व पुढच्या पत्रकांत 'चोपण' म्हटलें असेल, तर तो कारकुनाचा लहरीपणा नसून मधल्या काळांत त्या शेताचें काय झालें याचा पुरावा असूं शकतो.

दुसरें रोगाचें. गव्हावर 'तांबेरा' पडल्यामुळें सूट मागितल्याचे कागद वाचकांनीं पाहिले असतील. तांबेरा ही एक बुरशी. आग्र्याचे प्रा. मेहता यांनीं दीर्घ संशोधनानें दाखविलें कीं सपाटीवरील कडक उन्हाळ्यांत ती जगत नाहीं. थंड डोंगराळ प्रदेशांत, दक्षिणेकडे निलगिरी व पळणीच्या डोंगरांत, ती टिकून राहते, आणि तिचे बीजाणु वाऱ्याबरोबर दूरच्या गव्हापर्यंत पोहोंचतात. म्हणजे सुटीच्या अर्जावरील गांव व मिति या दोन गोष्टींस शास्त्रदृष्ट्या मोल आहे. अशा अर्जांची गांववार व मितिवार यादी कोणी केल्यास रोग कोणत्या सालीं किती लवकर व कोठवर पसरला, याचा शोध घेण्यास साधन मिळेल. आम्ही मात्र अर्जाची तारीख पाहतों ती सुभेदाराचें नांव ठरविण्यापुरती.

या विद्येची पद्धति आम्हां संस्कृतज्ञांस परकी वाटण्याचें कारण नाहीं. नवें वाण चांगलें कीं जुनें, हें एका वाफ्यावरून ठरवीत नाहींत. दोन्हीं वाणें अनेक वाफ्यांत, चिठ्ठ्या टाकून ठरविलेल्या जागीं, पुनःपुन्हां पेरून मग निर्णय देतात. एका पोथीवरून पाठ ठरवूं नये, हाच तो दंडक. सोलापूर जिल्ह्यांत मोहोळच्या केंद्रावर शेतकऱ्यांच्या 'मालदांडी' ज्वारींतून निवड करून 'मालदांडी ३५-१' हें वाण काढिलें, व रब्बी ज्वारींत तें आजही मान्यता राखून आहे. अनेक प्रतींतून निवडून शुद्ध संहिता काढावी, तसेंच हें. मूळ प्रति शेतकऱ्यानेंच पिढ्यान्‌पिढ्या राखल्या होत्या, हेंही विसरूं नये.

(७) पोथीकडे वळलेले कृषिपंडित

कृषिविद्येचे लोकही पोथ्यांकडे वळले आहेत. डॉ. यशवंत लक्ष्मण नेने हे पंतनगर विद्यापीठांतील वनस्पतिरोगशास्त्रज्ञ. तराईंतील भातावर पडणारा 'खैरा' हा रोग जंतूंमुळें नसून जमिनींत जस्ताची उणीव असल्यामुळें होतो, हें त्यांनीं १९६० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें, व जस्ताच्या क्षारानें तो आटोक्यांत आला. याच शास्त्रज्ञांनीं १९९४ मध्यें आशियाई कृषि-इतिहासाची संस्था स्थापिली. वर सांगितलेल्या ऑक्सफर्डच्या पोथीवरून सुरपालाचा 'वृक्षायुर्वेद' डॉ. नलिनी साधले यांच्या इंग्रजी भाषांतरासह या संस्थेनें १९९६ मध्यें प्रसिद्ध केला, व १९९९ मध्यें 'कृषिपराशर' काढिला.

येथें एक इशारा दिला पाहिजे. जुन्या ग्रंथांत सर्व आधुनिक शास्त्र आहेच, असें म्हणणारे लोक थोडे नाहींत. सुरपालाच्या ग्रंथांत झाडांच्या पोषणाविषयीं विचार करण्याजोगें पुष्कळ आहे. तसेच झाडांकडून चमत्कार करविण्याचे योगही आहेत. 'कुणपजल' नांवाच्या द्रव खताचे प्रयोग कृषिसंशोधक करीत आहेत. जेथें तें उपयोगी ठरेल तेथें तें वाफ्यांतील पिकानें सिद्ध होईल, पोथीच्या वयानें नव्हे. पोथीस साक्षीदार करावें, न्यायाधीश करूं नये. हीच मर्यादा आपण बखरींना लावतों; कृषिग्रंथांस वेगळी लावण्याचें कारण नाहीं.

(८) संग्राहकांस विनंती

आतां विनंती. ज्या रुमालाची गोष्ट आरंभीं सांगितली, त्याचे चार रुमाल होते असें पुढें कळलें. सनदा निघून गेल्यावर बाकीच्या तिहींस 'यांत कांहीं नाहीं' असा शेरा मिळाला, व ते रद्दींत गेले. शेरा देणारा जाणता मनुष्य होता, आमच्यापैकींच एक. आम्हीही तोच शेरा दिला असता. त्या तीन रुमालांत कोणाचें बीं, कोणते बैल, किती पाऊस होता, हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं.

म्हणून संग्राहकांनीं पुढील कागद मूल्यहीन समजूं नयेत: बियाण्याचे व सवाई-दिढीचे हिशेब, बैलखरेदीच्या व चाऱ्याच्या नोंदी, पाटाच्या पाण्याच्या पाळ्या व फडांच्या वांटणीचे कागद, पाऊस, गारा, टोळ, तांबेरा यांमुळें मागितलेल्या सुटीचे अर्ज, बागाईत व जिराईत यांचीं लावणीपत्रकें, झाडांच्या गणत्या. ते विकत घेण्याजोगे नसले तर निदान त्यांचीं छायाचित्रें घ्यावींत, व गांव, घर, रुमाल यांची नोंद ठेवावी. एका रुमालांतील कागद एकत्र राहूं द्यावे. सनद काढून घेतली म्हणजे हिशेबाचा पत्ता नाहींसा होतो, आणि हिशेब गेला म्हणजे सनदेंतील जमिनींत काय पिकत होतें हें कळत नाहीं. अडलेला शब्द कोशांत मिळाला नाहीं तर अनुमान छापण्यापूर्वीं जवळच्या कृषि महाविद्यालयांत, अथवा एखाद्या वृद्ध शेतकऱ्यास, विचारावा. त्यास पत्रापुरता खर्च येतो.

याची दुसरी बाजूही आहे. कृषीच्या विद्यार्थ्यांस मोडी येत नाहीं, आणि शिकविण्यास आपण तयार आहों. आमच्या त्या विद्यार्थिनीनें आतां मोडीचीं बाळबोध वळणें गिरविण्यास आरंभ केला आहे. ती दर रविवारीं येते. आम्ही तिला अक्षर सांगतों, ती आम्हांस पीक सांगते. बारा बंद वाचून झाले आहेत. त्यांत दोन ठिकाणीं तिनें आमची चूक काढिली, एके ठिकाणीं आम्ही तिची.

ज्या टांचणापासून हें सर्व निघालें, तें आम्ही फाडून टाकिलें नाहीं. त्या बंदाशेजारींच ठेविलें आहे, आणि त्यावर तिच्या हातून दुरुस्ती लिहवून घेतली आहे: 'मोघण: पाभरीमागील बीं सोडण्याची नळी. तूर याच शेतांतली.'